सगळे बाहेर आल्याशिवाय चालू करू नये

सोमवार, ता. ३

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, आणि पहिल्या दिवशी एकही गोष्ट बिघडली नाही. माझ्या बाबतीत हे दुर्मीळ आहे, म्हणून लिहून ठेवते.

ऑफिस म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना चढेपर्यंत टर्पेंटाइनच्या वासाने डोकं हलकं होतं. पहिल्या खोलीत मालक, मधल्या खोलीत काका आणि मी, आणि आतल्या थंडगार खोलीत सर्व्हर, ज्याच्या जिवावर आम्हा तिघांच्या चुली पेटतात. मालक बोलायला लागले की थांबत नाहीत. आमच्या गेमचं नाव 'तळ्याकाठ'. मारामारी नाही, बंदुका नाहीत. तळ्याच्या काठी एक वस्ती आहे, तिथे घर बांधायचं, बाग लावायची, शेजाऱ्यांकडे जाऊन टाइप करत गप्पा मारायच्या. खेळणारे थोडे आहेत, पण आहेत ते गोचिडीसारखे चिकटलेले. मला ते ऐकूनच झोप येत होती, पण चेहरा मी फार उत्सुक ठेवला.

काका इथले जुने तंत्रज्ञ. या आठवड्यात निवृत्त होतायत आणि त्यांची खुर्ची मला मिळणार आहे. माणूस मितभाषी. सर्व्हर अधूनमधून बसतो एवढंच त्यांनी मला सांगितलं. बंद पडला असं इथे कोणी म्हणत नाही, 'बसला' म्हणतात.

घरी आले तर आईने खोकी उघडून स्वयंपाकघर लावूनही टाकलं होतं, तिच्या पद्धतीने, म्हणजे आता साखर मला जन्मात सापडायची नाही. बाबा गेल्यावर वर्षभराने ती पहिल्यांदा गुणगुणताना दिसली. ठमे, खिडकी चांगली आहे हो इथली, म्हणाली. मला फार बरं वाटलं.

मंगळवार, ता. ४

आज सर्व्हर बसताना पाहिला. दुपारची जेवणं चालली होती. काकांनी डबा बाजूला ठेवला, हात धुतले आणि कामाला लागले. पण त्यांची पद्धत काय सांगावी. सर्व्हर बसला की खेळणाऱ्यांच्या पडद्यावर चित्र तसंच गोठून राहतं आणि आमच्या यादीत त्यांची नावं 'आत' अशी दिसत राहतात. काका आधी सगळ्यांना निरोप पाठवतात की गेम बंद करा, फोन खाली ठेवा. मग यादीतलं एकेक नाव जायची वाट बघतात. एक बाई राहिल्या होत्या, तर काकांनी त्यांना चक्क फोन लावला आणि त्या बाहेर पडेपर्यंत फोन सोडला नाही. यादी कोरी झाल्यावरच त्यांनी सर्व्हर चालू केला. डबा तोवर गार झाला होता.

मी विचारलं, आत कोणी असताना चालू केलं तर काय होतं. पद्धत आहे, म्हणाले. मी परत विचारलं. कोणी आत असताना वरून चालू करायचं नाही, एवढंच म्हणाले आणि भाजीकडे वळले. जुन्या लोकांच्या अशा पद्धती असतात. दोन मिनिटांचं काम दुपारभर पुरवायचं.

शुक्रवार, ता. ७

काकांना निरोप दिला. मालकांनी भाषण केलं, काकांनी केलं नाही. जाताना ते आतल्या खोलीच्या दाराशी जरा थांबले आणि मला म्हणाले की घाई करू नकोस. मी हो म्हटलं. मोठ्या माणसांना हो म्हणायला काय जातं.

आईला 'तळ्याकाठ'मध्ये घर घेऊन दिलं. दिवसभर एकटी असते, तेवढाच विरंगुळा. दोन तासांत तिने मला बाजूला सारलं. शेजारच्या घरी 'चिमणी' नावाची खेळाडू आहे, शाळकरी मुलगी. खरी मुलगी पाय मोडून प्लास्टरमध्ये घरी बसली आहे. आई तिला फुलझाडं कशी लावायची ते शिकवते आणि ती आईला पटापट टाइप कसं करायचं ते. तळ्याच्या धक्क्यावर एक नावाडी आहे, गेममधलाच, कोणी खेळत नसतं त्याला. येईल त्याला तो म्हणतो, या, बसा, दमला असाल. आईने त्याला मनापासून उत्तर दिलं की नाही हो, अजिबात नाही. मी हसून हसून लोळले.

सोमवार, ता. १०

आज मी स्वतःची पाठ थोपटून घेणार आहे, दुसरं कोणी थोपटेल तेव्हा थोपटेल.

सर्व्हर आपोआप उठेल अशी सोय केली. एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. तो सर्व्हरला सारखं विचारत राहतो, जागा आहेस का. उत्तर आलं नाही की शेवटची जतन केलेली प्रत उचलतो आणि तिथून सगळं पुन्हा चालू करतो. माझ्या फोनवर एक टिंग वाजते, बस. निरोप नाहीत, फोन नाहीत, यादी कोरी व्हायची वाट बघणं नाही. लोक आत असतात तसेच राहतात, त्यांना फक्त एक उचकी लागल्यासारखं होतं. काकांची पद्धत मी उचलून बाहेर ठेवली. मालक तर खूश होऊन माझ्या टेबलावर बसलेच.

दुपारी जेवायच्या वेळी, म्हणजे वस्तीत गर्दी असताना, सर्व्हर बसला आणि दहा सेकंदांत उठला. वीस-पंचवीस जण आत होते. कोणाची तक्रार नाही. मी आणि मालक एकमेकांकडे बघून हसलो.

संध्याकाळी आई म्हणाली की दुपारी तिला क्षणभर अंधारी आली. गेम खेळता खेळता डोकं टेबलावर टेकलं म्हणे. मी म्हटलं, फोन कमी बघ. तीच मला इतकी वर्षं हे सांगत आली आहे, तेव्हा परतफेड करताना मजा आली.

गुरुवार, ता. १३

आज घरून काम केलं. आई सकाळी म्हणाली, आज पडदे धुवायला काढू. काढले, धुतले, दोरीवर घातले. साडेअकराच्या सुमारास ती दारात उभी राहून भाजी निवडत होती आणि तिथेच कोसळली. भोपळी मिरच्या खोलीभर घरंगळल्या. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. तिचं डोकं मांडीवर घेतलं तर श्वास नव्हता. मी हात लावून पाहिला, खरंच नव्हता.

आणि मग ती उठली. अशी सरळ उठून बसली, जणू बसलेलीच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, आज पडदे धुवायला काढू.

मी दोरीवरचे पडदे दाखवले. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. कोणी धुतले, असं तिने विचारलं नाही. पण विचारायचं आहे हे तिच्या चेहऱ्यावर होतं.

सर्व्हर त्याच वेळी बसून उठला होता, टिंग ऐकल्याचं आठवतं. तेव्हा त्या टिंगकडे लक्ष देणार कोण.

शनिवार, ता. १५

डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब बरा, साखर बरी. छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढत होते, तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला, टिंग. आईची मान कलली. कागदावरची रेघ सरळ झाली, मी डोळ्यांनी बघितली. डॉक्टर खुर्चीतून उठेपर्यंत आई डोळे उघडून बसली होती आणि रेघ पुन्हा वरखाली होत होती. वायर सैल झाली असेल, म्हणाले. पण त्यांनी ती पट्टी फाडून खिशात घातली आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. डॉक्टर कुठे असे सोडायला येतात.

घरी येताना आईने विचारलं, तुझे बाबा आज उशिरा येणार आहेत का. मी हो म्हटलं.

सोमवार, ता. १७

मी आईच्या फोनवरून गेम काढून टाकला. फोन बंद करून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. ऑफिसात येऊन यादी उघडली. आईचं नाव 'आत' आहे. तिची गेममधली बाहुली स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसली आहे आणि मान वळवून बघते आहे. मी बाहेर काढायचं बटण दाबलं. नाव जातं आणि परत येतं. त्या सोमवारी दुपारी जे आत होते, त्या सगळ्यांचं तसंच.

चिमणीच्या वडिलांची मेल आली आहे. फार सभ्य माणूस. लिहितात, तुमचा गेम मुलीला आवडायचा, तक्रार नाही, पण गेल्या आठवड्यापासून ती मध्येच पडते, लगेच उठते आणि सकाळचंच बोलणं पुन्हा बोलते, आणि काल तिने मला ओळखायला वेळ लावला. पडद्यातल्या झगमगाटाने असं काही होतं का, एवढंच विचारायचं होतं.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं.

मंगळवार, ता. १८

काकांच्या घरी गेले. बागेत पाणी घालत होते. माझा चेहरा बघून त्यांनी नळ बंद केला. किती जण होते आत, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं. ते पायरीवर बसले आणि सांगू लागले.

सुरुवातीच्या काळात मालकांच्या धाकट्या भावाच्या बाबतीत एकदा झालं होतं. तो आत होता आणि घाईत कोणीतरी चालू केलं. त्यानंतर सर्व्हर बसला की तो पडायचा, उठला की उठायचा, आणि दर वेळी थोडा कमी उठायचा. हे शब्द काकांचे. मग ऑफिस या जागेत हलवताना सर्व्हर दिवसभर बंद ठेवावा लागला. भाऊ परत उठला नाही. मालक म्हणाले, हृदयाचा झटका. काकांनी वाद घातला नाही, फक्त यादी कोरी झाल्याशिवाय पुन्हा कधी चालू केलं नाही.

मला आधी का नाही सांगितलंत, असं मी जवळजवळ किंचाळले. तू विश्वास ठेवला असतास का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. नसता ठेवला. चारचौघांत हसून सांगितलं असतं मी.

म्हणजे बंद करायचा नाही. काहीही झालं तरी बंद करायचा नाही. आणि बसूही द्यायचा नाही.

बुधवार, ता. १९

दिवसभर बिघाड शोधला. का बसतो हे आधीच शोधायला हवं होतं. पण आपोआप उठतोय ना, मग कशाला, असं मालक म्हणाले होते आणि मलाही ते सोयीचं वाटलं होतं. बसणं आता वाढलं आहे. तासातून दोनदा, तीनदा.

मालकांना सगळं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले की धाकट्या भावाचा विषय या ऑफिसात काढायचा नाही. मग निघून गेले. रडत होते बहुतेक.

घरी गेले. आईने दार उघडलं. माझ्याकडे बघून छान हसली, बाजूला झाली आणि म्हणाली, या, बसा, दमला असाल.

मी म्हटलं, आई, मी आहे. ठमी.

हो का, बसा ना, म्हणाली. मला अहोजाहो. माझी आई मला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. बाहेर दोनदा धप्प आवाज आला. दोन्ही वेळा टिंग वाजली होती. खाली गाद्या अंथरून ठेवल्या आहेत मी सगळीकडे, घरभर.

गुरुवार, ता. २०

सकाळी लिहिते आहे, कारण नंतर जमेल की नाही —

प्रत जतन होत असतानाच सर्व्हर बसला. म्हणजे जतन झाली तीच बसतानाची प्रत. आता पहारेकरी ती उचलतो, सर्व्हर उठतो, आणि उठल्या उठल्या बसतो. पुन्हा उचलतो. जुनी प्रत लावावी म्हटलं तर जुन्या नाहीत. फक्त शेवटच्या दहा ठेवायच्या, असं मीच ठरवलं होतं, जागा वाचवायला. दहाही प्रती काही मिनिटांत नव्याने लिहिल्या गेल्या. दहाही सारख्याच.

फोन सारखा वाजतो आहे. टिंग. टिंग. आवाज बंद केला. काही उपयोग नाही, मला आई दिसते आहे.

उठते. तोंड उघडते. पडते.

उठते —

दुपार

तिला गादीवर आडवं केलं आहे, उशांनी बांधल्यासारखं. तरी अर्धी उठते. डोळे उघडतात तेव्हा त्यांत भीती असते. आधी नव्हती. आधी काहीच नव्हतं. आता तिला कळतंय. दर वेळी नव्याने कळतंय आणि कळून होईपर्यंत संपतंय.

पाणी पाजता येत नाही. घोट गिळायच्या आत —

चिमणीच्या वडिलांची मेल. शब्द नाहीत, नुसता फोन नंबर.

काकांना फोन केला. ते म्हणाले, तुला माहीत आहे काय करायचं ते. मी म्हटलं, नाही माहीत. त्यांनी फोन ठेवला नाही.

शुक्रवार, ता. २१

सकाळी अकरा. आईजवळ बसले आहे, लॅपटॉप मांडीवर. सर्व्हर इथून बंद करता येतो.

मी ठरवलं आहे. हे जगणं नाही. कोणाचंच नाही, तिचं नाही, आतल्या बाकीच्यांचंही नाही. मीच सुरू केलं, मीच थांबवते. तिचे केस विंचरले, जेवढे विंचरता आले तेवढे. तिला सांगितलं की बाबा दारात उभे आहेत, जा. ऐकलं की नाही —

आधी पहारेकरी बंद केला. मग सर्व्हर.

आई पडली आणि उठली नाही.

किती शांत आहे घर. चेहरा सैल झाला आहे तिचा. कपाळावरची आठी गेली. हात अजून ऊन आहे. मी तो गालाला लावून बसले आहे आणि मला वाईट वाटत नाहीये, असं कसं. दुपारपर्यंत अशीच बसेन. मग काकांना बोलावेन.

बारा वाजून गेले

चिमणीच्या वडिलांचा फोन. माझा नंबर मीच कळवला होता त्यांना काल, त्यांच्या मेलच्या उत्तरात.

मुलगी उठत नाही. सकाळपासून पडत होती, पण उठत होती ताई, म्हणाले. अर्धा क्षण का होईना डोळे उघडत होती, बा एवढं म्हणत होती, बाबा म्हणायचं होतं तिला. तासाभरापासून तेही नाही. डॉक्टर म्हणतात, संपलं. तुमच्याकडे काही चालू-बंद झालंय का, असेल तर कराल का हो परत, मी पाया पडतो तुमच्या. त्यांना काही माहीत नाही. नुसतं बुडत्यासारखं बोलत होते. मागे कोणीतरी बाई रडत होती.

मी त्यांना म्हटलं की तिला त्रास होत होता. ते म्हणाले, होऊ दे, मी आहे ना धरायला.

मी आहे ना धरायला —

आणखी फोन येतायत. एक, दोन, वेगवेगळे नंबर. वीस-पंचवीस घरं. प्रत्येक घरात कोणीतरी गादीशी बसलं असेल. मी माझ्या आईचं ठरवू शकते. त्यांचं कसं ठरवलं मी. कोणाला विचारून —

ती फक्त शाळेत जाणारी मुलगी आहे. चालू ठेवून बिघाड सापडला तर. कधीतरी सापडला तर. बंद ठेवला तर कधीच नाही. मालकांचा भाऊ परत उठला नव्हता, पण तो दिवसभर बंद होता, हा तासच झाला आहे. आत्ता केलं तर, आत्ताच —

आईला वेगळं ठेवता येत नाही. सगळे किंवा कोणी नाही.

आई, मी काय करू. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, मला माहीत आहे. त्या पोरीसाठी तू म्हणाली असतीस —

चालू केला.

पहारेकरीही. चिमणीचे वडील अजून फोनवरच होते, ते ओरडले. उठली, उठली म्हणून. हसतायत. रडतायत. पडली. उठली. फोन बंद केला मी.

आईचा हात माझ्या हातात आहे. हलला.

उठून बसली. माझ्याकडे बघते आहे. माझ्याकडेच, ओळखीने. एवढे दिवस बघितलं नव्हतं असं —

बोलली. मला अगं म्हणाली.

पडली.

उठली. तेच म्हणते आहे. ठमे, म्हणते आहे. अगं ठमे, का उठव

पडली

उठली. का गं उठवलंस मला, मी केवढी शांत

का गं उठव